यंत्र कुणाच्या मालकीचं, हे आधी ठरवा

पत्र:

नमस्कार ताई,

भोसरी एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. बाबांनी दोन लेथवर सुरू केलं, आता मी आणि दादा बघतो. २६ माणसं आहेत, गेल्या वर्षीची उलाढाल ११ कोटी. एका जर्मन हायड्रॉलिक्स कंपनीसाठी आम्ही चार वर्षं व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या व्हॉल्व्हचं धड) मशिनिंग करून देतोय, कास्टिंग, म्हणजे ओतीव धड, कोल्हापूरहून येतं. आता त्यांना वर्षाला ४०,००० नग हवेत आणि त्यासाठी वेगळी लाइन टाका म्हणतात. खर्च ३ कोटी ८० लाख. त्यातली दोन एचएमसी मशिन्स (आडव्या स्पिंडलची, वेगवेगळ्या नगांना चालणारी) २ कोटी ३० लाखांची, बाकी एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं खास यंत्र), फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) आणि गेज (मापं तपासायची साधनं). त्यांच्याकडून हातात फक्त पाच वर्षांचं लेटर ऑफ इंटेंट, नगांची हमी नाही. शिवाय कॉस्ट शीट उघडी करा, प्रोसेस शीट (काम कसं करतो त्याचा तपशील) द्या आणि दरवर्षी ३ टक्के दर कमी करा, अशा अटी. त्यात कानावर आलंय की चाकणला त्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहतोय. दादा म्हणतो, अशी संधी परत येत नाही. बाबा म्हणतात, हे आपल्याकडून शिकून घेतील आणि सोडून देतील. या कंपन्या बाहेरून घ्यायचं की स्वतः बनवायचं, हे ठरवतात तरी कशावर? आणि आम्ही कर्ज काढावं का?

— एक लघुउद्योजिका, भोसरी

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बँकेची फाइल थांबलेली असणार. कर्ज काढा, पण ३ कोटी ८० लाखांचं नाही. दोन एचएमसींपुरतं काढा. उरलेले दीड कोटी, म्हणजे एसपीएम, फिक्स्चर आणि गेज, यांचे पैसे कंपनीने द्यायला हवेत आणि ती यंत्रं कंपनीच्या मालकीची असायला हवीत. कंपनी याला अजिबात तयार नसेल, तर हे काम या आकारात घेऊ नका. चार वर्षं देताय तेवढेच नग देत राहा.

असं का म्हणते, ते तुमच्या पहिल्या प्रश्नात आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं की कंपन्या जिथे स्वस्त पडेल तिथून घेतात. किती खर्च येईल हा हिशेब असतोच, पण तो करायला खरेदी विभागाला फार वेळ लागत नाही. त्यानंतरची चर्चा लांबते ती एका वेगळ्याच प्रश्नावर: पैसे गुंतल्यानंतर कोण कुणाच्या हातात सापडेल?

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली विचारलं होतं की बाजारात सगळं विकत मिळतं, तर मग कंपन्या असतातच कशाला? त्याचं उत्तर असं, की बाजारातून घेण्यालाही खर्च येतो. माणूस शोधा, भाव ठरवा, करार लिहा, माल तपासा, भांडण झालं तर निस्तरा. हा खर्च घरात बनवण्याच्या कटकटीपेक्षा जास्त झाला की कंपनी ते काम आत घेते. पुढे ऑलिव्हर विल्यमसनने यातला सगळ्यात बोचणारा खर्च नेमका दाखवला आणि २००९ चं नोबेल त्याला त्या कामासाठी मिळालं. एकाच गिऱ्हाइकासाठी घातलेल्या पैशाला दुसरीकडे किंमत नसते. तुमची एसपीएम त्या व्हॉल्व्ह बॉडीची भोकं एका क्लॅम्पिंगमध्ये पाडेल, पण दुसऱ्या कुणाचा नग तिच्यावर चढणार नाही. ती शॉपमध्ये बसल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची बोलण्याची ताकद बदलते. कंपनीने दरकपात तीन टक्क्यांची पाच टक्के मागितली तर तुम्ही उठून जाऊ शकत नाही, कारण हप्ता चालू असतो. ही कोंडी त्यांच्या बाजूनेही असते. नग तुमच्याकडूनच येत असेल आणि तुम्ही महिनाभर थांबलात, तर तिकडची असेंब्ली लाइन बंद पडते. दोघांनाही ही भीती असते, आणि आत घ्यायचं की बाहेरून, हा निर्णय त्या भीतीतून होतो.

मग करार करून ही भीती घालवता येत नाही का? पूर्ण नाही. पाच वर्षांत काय काय घडेल ते कुणालाच कागदावर उतरवता येत नाही. ड्रॉइंग बदलेल, कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) निघतील, युरो खाली येईल. सॅनफर्ड ग्रॉसमन आणि ऑलिव्हर हार्ट यांनी १९८६ मध्ये मांडलेला मुद्दा हा, की करारात जे लिहिलेलं नाही त्या वेळी ज्याच्या मालकीचं यंत्र, त्याचा शब्द चालतो. म्हणून मालकी अशा पक्षाकडे असावी, ज्याच्या कागदावर न मावणाऱ्या मेहनतीवर निकाल जास्त अवलंबून आहे. हार्टला २०१६ मध्ये नोबेल मिळालं. मला हा विचार तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात उपयोगी वाटतो, आणि त्याचा उपयोग लहान कारखानदारालाही मोठ्या कंपनीइतकाच होतो.

पोल आंत्रास यांनी २००३ मध्ये हाच विचार परदेशी पुरवठादारांना लावून पाहिला. ज्या मालात मुख्य कंपनीची गुंतवणूक जास्त, म्हणजे भांडवल, डिझाइन, संशोधन, तिथे ती परदेशातला कारखाना स्वतःच्या मालकीचा ठेवते. जिथे पुरवठादाराने रोज घातलेलं लक्ष आणि माणसं सांभाळण्याचं कसब जास्त मोलाचं, तिथे बाहेरच्याकडून घेते. कारण स्वतःच्या नफ्यासाठी झटणारा मालक पगारी मॅनेजरपेक्षा जास्त जीव ओततो आणि कंपन्यांना ते पक्कं ठाऊक असतं. आकडेही या दिशेचे आहेत. २००० साली अमेरिकेने जपानहून जी आयात केली, तिचा सुमारे ७४ टक्के भाग एकाच समूहातल्या कंपन्यांमधला व्यवहार होता. बांगलादेशच्या बाबतीत तोच वाटा सुमारे २ टक्के होता. गाड्या आणि वैद्यकीय उपकरणं घरातल्या घरात फिरतात, शर्ट आणि बूट बाहेरच्याकडून येतात.

आता तुमची व्हॉल्व्ह बॉडी या मोजपट्टीवर ठेवा. स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा, ज्या बोअरमध्ये बसतो त्याचं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) मायक्रॉनमध्ये धरावं लागतं. आडवी भोकं जिथे एकमेकांना छेदतात तिथली बर (कडेला उरलेली धातूची कूस) पूर्ण निघाली नाही, तर ती तेलाबरोबर फिरून व्हॉल्व्ह जाम करते. हे काम ड्रॉइंगवर लिहून होत नाही, ते बघणाऱ्या डोळ्यांवर होतं. गेल्या चार वर्षांची रिजेक्शनची नोंद काढा आणि प्रत्येक वेळी कारण कुणाकडचं होतं ते बघा. बहुतेक रिजेक्शन तुमच्या शॉपमधल्या ढिलाईमुळे आलं असेल आणि तुम्ही लक्ष घातल्यावर थांबलं असेल, तर हे काम बाहेर ठेवण्यातच त्यांचा फायदा आहे. उलट, बहुतेक वेळा त्यांच्या ड्रॉइंगमधल्या बदलामुळे किंवा त्यांच्या टेस्ट रिगवरच कळणाऱ्या दोषामुळे आलं असेल, तर आज ना उद्या ते आत घेतील आणि तुम्ही कितीही चांगलं काम करून ते थांबणार नाही. हा तपास तुम्ही दोघांनी बाबांना बरोबर घेऊन करा. कुठल्या बॅचला काय झालं होतं हे त्यांना नोंदवहीपेक्षा जास्त आठवत असणार.

दुसरी गोष्ट आकाराची. परदेशात स्वतःचा कारखाना म्हणजे जमीन, परवाने, व्यवस्थापक, हिशेब, आणि समूहातल्या व्यवहाराचा दर कर खात्याला पटवून देणं. हा खर्च एक नग काढा नाहीतर लाख काढा, तेवढाच राहतो. आंत्रास आणि एल्हानन हेल्पमन यांनी २००४ मध्ये दाखवलं की म्हणूनच हा मार्ग सर्वात सक्षम आणि मोठ्या कंपन्यांनाच परवडतो. एका व्हॉल्व्ह बॉडीच्या ४०,००० नगांसाठी कुणी मशिन शॉप उभारत नाही. पण या कंपनीचे पुणे परिसरात तुमच्यासारखे किती व्हेंडर आहेत? दहा-बारा असतील आणि सगळ्यांचे नग एकाच प्रकारच्या यंत्रावर होत असतील, तर बेरीज मोठी होते आणि आत घेण्याचा हिशेब बसू लागतो. हे कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्रीला विचारा, तिला बहुतेक माहीत असतं.

चाकणच्या कारखान्याबद्दल ऐकीव बातमीवर थांबू नका. त्यांच्या नोकरीच्या जाहिराती वाचा. सीएनसी सेटर, होनिंग ऑपरेटर, टूल रूमची माणसं मागत असतील तर मशिनिंग येतंय. असेंब्ली आणि टेस्टिंगचीच मागत असतील, तर तो कारखाना तुमचं गिऱ्हाईक होणार आहे, स्पर्धक नाही. त्यांच्या पर्चेस हेडलाही सरळ विचारा. मी खरेदी विभागात बरीच वर्षं काढली आहेत. सरळ प्रश्न विचारणारा व्हेंडर आम्हाला कधी उर्मट वाटला नाही, हिशेबाने चालणारा वाटायचा.

आणि समजा मशिनिंग येतंच आहे. तरी याचा अर्थ तुमचं काम संपलं असा होत नाही. टोयोटाचं उदाहरण बघा. डेन्सो ही १९४९ मध्ये टोयोटातूनच वेगळी झालेली कंपनी आणि इलेक्ट्रिकल भागांची मुख्य पुरवठादार. तरीही १९८९ मध्ये टोयोटाने हिरोसे इथे स्वतःचा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना काढला आणि डेन्सोकडून घेणंही चालू ठेवलं. थोडं स्वतः बनवलं की खरा खर्च कळतो, काम कळतं आणि पुरवठादाराशी बोलताना अंदाजावर बोलावं लागत नाही. तुमची कंपनी कॉस्ट शीट मागते आहे ती याच कारणाने. असं झालं तर तुमचा दर रोज त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातल्या खर्चाशी ताडला जाईल, हे मात्र धरून चाला.

दादाला बोइंगची गोष्ट जरूर सांगा. ७८७ या विमानाच्या वेळी बोइंगने पंख आणि धडाचे मोठे भाग जपान, इटली आणि अमेरिकेतल्या भागीदारांकडे दिले आणि विकासाचा खर्चही त्यांनीच घालावा, विमानं विकली गेली की वसूल करावा, अशी रचना केली. कागदावर बोइंगची गुंतवणूक कमी दिसली. प्रत्यक्षात जोडणीच्या वेळी भाग अपुरे आले, काही भागीदारांना तो भार पेलला नाही. मे २००८ मध्ये द्यायचं पहिलं विमान सप्टेंबर २०११ मध्ये दिलं गेलं. मधल्या काळात, २००९ मध्ये, बोइंगने व्हॉट कंपनीचा साउथ कॅरोलायनातला धडाचे भाग बनवणारा कारखाना विकत घेतला. २००५ मध्ये विकून टाकलेला विचिटाचा कारखाना, जो पुढे स्पिरिट एरोसिस्टिम्स झाला, त्याचा मोठा भाग परत घेण्याचा करार २०२४ मध्ये झाला. पुरवठादाराच्या अंगावर त्याच्या कुवतीबाहेरची गुंतवणूक ढकलली की शेवटी ती मुख्य कंपनीकडेच परत येते. तुमच्याकडून दीड कोटीची एसपीएम, फिक्स्चर आणि गेज घालून घेणं हा त्याचाच लहान नमुना आहे, आणि बैठकीत ही गोष्ट तक्रारीच्या सुरात न सांगता त्यांच्याच हिताची म्हणून सांगता येते: उद्या व्याजाच्या ओझ्याखाली आम्ही अडखळलो, तर थांबणारी लाइन तुमची असेल.

याच्या उलट ॲपल. फोन जुळवतात दुसऱ्यांच्या कारखान्यांत, पण तिथले साचे आणि खास प्रक्रियेची बरीच यंत्रं ॲपलने स्वतःच्या पैशाने घेतलेली असतात आणि ती ॲपलच्या ताळेबंदात दिसतात. कारखाना बाहेरचा, खास यंत्र ॲपलचं. मी तुमच्यासाठी मागते आहे ती रचना हीच आहे आणि ती जगावेगळी नाही. वाहन उद्योगात गिऱ्हाइकाच्या मालकीच्या डाय आणि फिक्स्चरवर मालकाची कायमची खूण हवी, असं आयएटीएफ १६९४९ हे मानकच सांगतं. तुमच्या शेजारच्या गाळ्यातही असा एखादा टॅग लावलेलं फिक्स्चर सापडेल.

कंपनी म्हणेल, आम्ही एकरकमी पैसे देत नाही, दरात धरून घ्या. चालेल, पण आकडा वेगळा लिहून घ्या. दीड कोटी भागिले पाच वर्षांचे दोन लाख नग म्हणजे नगामागे ७५ रुपये, अधिक व्याज. हे ७५ रुपये टूलिंगचे (या खास यंत्रांचे आणि फिक्स्चरचे) म्हणून पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, स्वतंत्र ओळीत दिसले पाहिजेत आणि त्यांना दरवर्षीची ३ टक्क्यांची कात्री लागता कामा नये. आणि अट अशी हवी, की शेड्यूल कमी झालं किंवा काम थांबलं तर उरलेली रक्कम ते ठराविक दिवसांत चुकती करतील. दोन वर्षांनी, ८०,००० नगांवर थांबलं, तर ६० लाख वसूल झालेले असतील आणि ९० लाख येणं असेल. हे उदाहरण आकड्यांसह करारात घालून घ्या, म्हणजे पुढे अर्थावरून वाद नको. याला ते तयार झाले, तर ते खरंच पाच वर्षं राहणार आहेत असं समजायला हरकत नाही. राहणाऱ्याला ही अट महाग पडत नाही. नकार दिला, तर बाबांची शंका खरी मानून चाला.

कास्टिंगचा भाव दराला बांधलेला हवा, तो वाढला की दर वाढेल, उतरला की उतरेल. कॉस्ट शीट द्या: मशिनचा ताशी दर, सायकल टाइम, पगार, वीज, नफा. त्यात लपवण्यासारखं काही नसतं आणि पर्चेसवाले तुमच्यापेक्षा दहा शॉप जास्त बघून आलेले असतात. प्रोसेस शीट मात्र देऊ नका. होनिंगचे पॅरामीटर, बर काढायचं बाबांचं साधन, तपासणीचा क्रम, हे तुमचंच राहू द्या. कंट्रोल प्लॅनमध्ये काय तपासतो ते लिहावं लागेल, ते लिहा, कसं साधतो ते लिहू नका.

इथे मला बाबांच्या भीतीत तथ्य वाटतं, आणि त्याचा पुरावा आपल्याच देशात आहे. जनरल इलेक्ट्रिकने १९९७ मध्ये भारतात स्वतःचं बॅक ऑफिस काढलं. पुढे कामं इतकी साचेबद्ध झाली की २००४ मध्ये त्यातला ६० टक्के हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदारांना विकता आला, ती आजची जेनपॅक्ट. सिटीग्रुपने २००८ मध्ये आपलं इथलं बीपीओ सुमारे ५० कोटी डॉलरला टीसीएसला विकलं आणि साडेनऊ वर्षांचं काम त्यांनाच दिलं. आज वारा पुन्हा उलटा आहे, परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं देशात १,७०० च्या वर गेली आहेत आणि पुण्यातल्या बँकांच्या इमारती तुम्ही रोज बघता. काम पूर्ण लिहून काढता येतं आणि मोजता येतं, त्या दिवशी ते हलवता येतं, मग ते आत जावो की बाहेर. प्रोसेस शीट हातची ठेवा म्हणते ते म्हणून.

एक कायद्याची गोष्ट, जी अनेकांच्या नजरेतून सुटते. पीओ कुणाच्या नावाचा आहे? चाकणच्या भारतीय कंपनीचा असेल आणि तुमची उद्यम नोंदणी लघुउद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने तुम्हाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आयकर कायद्यातल्या बदलामुळे २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. पीओ जर्मनीतून असेल तर या संरक्षणावर विसंबू नका. त्या वेळी ईसीजीसी या निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचं विमा कवच घ्या, परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर ते उपयोगी पडतं. वादाचं ठिकाण पुणे किंवा मुंबई मागा.

दोन एचएमसींबद्दल दादाशी मी पूर्ण सहमत आहे. त्या यंत्रांवर उद्या पंप हाउसिंग चढेल, गिअरबॉक्सचं केसिंग चढेल, ती तुमच्या ताकदीत भर घालतात. फक्त पहिल्या वर्षापासून त्यातले काही तास दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवा, जर्मन कंपनीचं शेड्यूल कितीही भरलेलं असलं तरी. एका गिऱ्हाइकाचा वाटा उलाढालीच्या निम्म्यावर गेला की वर लिहिलेल्या सगळ्या अटी मागण्याचं बळ आपोआप ओसरतं.

बँकेला नव्या आकड्याने अर्ज द्या, २ कोटी ३० लाख, आणि पहिल्या नगाच्या मंजुरीपर्यंतचा काळ मोरॅटोरियममध्ये मागा. पीपॅप (नग मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) मंजूर व्हायला लागणारे महिने हप्त्याविना जायला हवेत. टूलिंगचा करार सही होईपर्यंत एसपीएमवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका. तो घाई करेल, नंबर जाईल म्हणेल, तरी देऊ नका. बैठकीत कॉस्ट शीट तुम्ही मांडा, अटी दादाला मांडू द्या, आणि बाबांना नक्की बरोबर न्या. प्रोसेसबद्दलचा प्रश्न आला की कुठवर सांगायचं हे त्यांना आपल्या दोघांपेक्षा चांगलं कळतं.